दोन सूत वाकडा

मी जिमला जायचं ठरवलं, ते बायको हातातून निसटली म्हणून.

झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून पलंगावरून उचलून खुर्चीत तिला मीच ठेवतो. एका सकाळी मध्येच माझा हात सुटला. दोघं फरशीवर. लागलं कुणालाच नाही, पण उठताही येईना. दुपारी शेजारीण डबा परत द्यायला आली तोवर तसेच बसून होतो. (“अहो, हाक मारा की कुणाला,” असं बायको चार वेळा म्हणाली. मी हाक मारत नाही.)

मुलाला कळलं. फोन आला.

“बाबा, महिन्याने मी येतो. माझ्यासमोर आईला उचलून खुर्चीत ठेवा. नाही जमलं तर आई माझ्याकडे येणार.”

“आणि मी?”

“तुम्हीही या.”

“मी कुणाच्या घरी राहत नाही.”

(हे जरा थांबून बोलायला हवं होतं.)

तर जिम. तिथली ट्रेनर माझ्या नातीच्या वयाची. तिने माझ्या हातात वजनं दिली आणि भिंतभर आरशापुढे उभं केलं.

“आजोबा, आरशात बघत उचला. काय दिसतंय?”

“दोन काचांमधला जोड दिसतोय. आरसा दोन सूत वाकडा बसवलाय.”

“जोडाकडे नाही, स्वतःकडे बघा. डावा खांदा खाली जातोय.”

“खांदा सरळ आहे. आरसा वाकडा आहे.”

मी चव्वेचाळीस वर्षं आरसे बसवले. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला तो नजरेनेच कळतो.) शाळा चौथीपर्यंत, पण माझा एक आरसा कधी वाकडा बसला नाही. घरच्या आरशात रोज दाढी करतो. तिथे माझे दोन्ही खांदे चौकटीला अगदी समांतर. मग चूक कुणाची? कालच्या पोरीने मला शिकवायचं?

तीन आठवडे आम्ही दोघं रोज हेच बोललो. शेवटी मी पिशवीतून पाणसळ नेली. (काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की काम सरळ. तो कुणाची भीड ठेवत नाही.) सगळ्यांनी वजनं खाली ठेवली. मी पाणसळ आरशाच्या कडेला लावली.

बुडबुडा मधोमध.

उलटी करून लावली. मधोमध.

“काय काका, आरसा पास का नापास?” मागून एक पैलवान म्हणाला. सगळे हसले. ट्रेनर हसली नाही.

“आजोबा, भार सगळा डावीकडे जातो. म्हणून हातातलं सुटतं.”

मी पाणसळ पिशवीत घातली आणि घरी आलो. चपला न काढता घरच्या आरशाला लावली. बुडबुडा पळत टोकाला जाऊन बसला. आरसा ज्या पट्टीवर उभा आहे तिथे, उजव्या कोपऱ्याखाली, पुठ्ठ्याची घडी होती. शेजारची दाराची चौकट तिरकी दिसते ते गवंड्याचं पाप, असं मी पाहुण्यांना बारा वर्षं सांगत आलो होतो.

“हे कुणी केलं?”

“मी,” बायको पलंगावरून म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही काम सोडलंत तेव्हा. काचा वाहून खांदा उतरला होता. रोज आरशापुढे उभं राहून उजव्या हाताने तो वर ढकलायचात. जेवायचासुद्धा नाहीत.”

“मला सांगायचंस.”

“तुम्हाला सरळ करण्यापेक्षा आरसा वाकडा करणं सोपं होतं.”

मी चपला काढल्या.

उरलेला आठवडा ट्रेनर सांगेल तसं केलं. एक शब्द उलट बोललो नाही. रविवारी मुलगा आला आणि दाराशी उभा राहिला. मी तिला उचललं. उठली. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसऱ्याला खांदा खचला. तिला कळलं. तिने चांगला हात माझ्या उजव्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार तिकडे घेतला, मी सरळ दिसावा म्हणून. पण मुलगा आरशात बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याने मागून दोघांना धरलं.

“बाबा, पुरे.”

त्याच संध्याकाळी ती मुलाकडे राहायला गेली. मी गाडीपर्यंत पिशवी नेली. उजव्या हाताने.

आता रोज फोन करते.

“जेवलात?”

“हो.”

“तो पुठ्ठा काढलात का? आरसा सरळ केलात?”

“केव्हाच.”

खोटं. पुठ्ठा दबला होता, तो काढला खरा. त्या जागी लाकडाची पाचर तासून घातली आणि स्क्रूने पक्की केली. आरसा मुद्दाम वाकडा बसवायची चव्वेचाळीस वर्षांत पहिलीच वेळ. (दोनदा काढावा लागला. सवयीने सरळच बसत होता.) आणि एवढं करून तिच्यासारखा बेताचा वाकडा काही जमला नाही. दाढी करताना माझा डावा खांदा अजून दोन सूत खाली दिसतो.