किमान दोन भोकं

सर्व कर्मचाऱ्यांनी दर बुधवारी जेवणाच्या डब्यात केवळ व्हीगन आणि केवळ स्वतःच्या बागेत पिकवलेल्या भाज्यांचेच पदार्थ आणावेत, असं परिपत्रक निघालं तेव्हा कचेरीत कोणाला फारसं नवल वाटलं नाही. मोठे साहेब नुकतेच तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. मागच्या प्रशिक्षणानंतर सगळ्यांना सहा महिने जिना उलटा चढावा लागला होता, त्या मानाने भाजी परवडली. व्हीगन म्हणजे काय, ते दुसऱ्या पानावर खुलासेवार दिलं होतं. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मध नाही, प्राण्याचं म्हणून काही म्हणजे काहीच नाही. चहातलं दूध मात्र चालणार होतं, कारण साहेबांच्या मते चहा डब्यात येत नाही, कपात येतो.

तळघरातल्या रेकॉर्डच्या बाईंनी ते परिपत्रक तीनदा वाचलं आणि त्यांना अक्षरशः गुदगुल्या झाल्या. अकरा वर्षं त्या तळघरात होत्या. चारी बाजूंना फायली रचलेले लोखंडी घोडे, डोक्यावर फडफडणारी एक ट्यूब, आणि बाहेर ऊन आहे की पाऊस हे कळायचं ते खाली येणाऱ्या शिपायाच्या छत्रीवरून. वर पहिल्या मजल्यावर अर्ज स्वीकारायचं एक टेबल होतं आणि त्या टेबलाला खिडकी होती. खरीखुरी, उघडणारी! तिथल्या काकू दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या आणि परिपत्रकाचं शेवटचं कलम सांगत होतं, की यापुढे रिकामी होणारी टेबलं 'हिरवा डबा' योजनेतल्या गुणांवर भरली जातील.

आता बाईंच्या घरामागे बाग होती. म्हणजे बाग सासूबाईंची. चाळीस वर्षं त्यांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवली होती. दुधी, वांगी, टोमॅटो, घेवडा, लाल भोपळा, सगळं कसं वेळच्या वेळी येणार आणि भरभरून येणार. बाकीच्या कचेरीकडे काय होतं? बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल आणि एक मेलेलं निवडुंग.

"खिडकी तुमचीच समजा बाई," जावक म्हणाला. जावक म्हणजे जावक विभागाचा कारकून. त्याचं खरं नाव सेवापुस्तक सोडून कोणालाच माहीत नव्हतं. "आमच्या कुंडीत गेल्या वर्षी फक्त एक सिगारेटचं थोटूक उगवलं होतं."

पहिल्या बुधवारी बाई पहाटेच उठल्या. भोपळ्याचं सूप केलं, घेवडा वाफवून त्यावर लिंबू पिळलं, वांगी शेंगदाण्याच्या दुधात शिजवली.

"शेंगदाण्याचं दूध?" सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं. "अगं, शेंगदाण्याला आचळ कुठे असतं?"

"भिजवून, वाटून, गाळून घ्यायचं, आई. व्हीगन लोक त्याला दूधच म्हणतात."

"म्हणू देत बापडे. मीठ घाल त्यात चिमूटभर, नाहीतर तुझे व्हीगन लोक पाणी पीत बसतील."

डब्यासोबत एक कच्ची भाजी नमुना म्हणून सादर करायची होती. पडताळणीचं काम टाचणीसाहेबांकडे आलं. हे गृहस्थ वीस वर्षं स्टेशनरी सांभाळत होते आणि दर शनिवारी टाचण्या मोजून कुलपात ठेवत. बाईंनी त्यांच्यापुढे एक दुधी ठेवला. सरळसोट, कोवळा, हिरवागार, नखसुद्धा न लागलेला. टाचणीसाहेबांनी तो उलटला, सुलटला, हुंगला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बाजारचा आहे."

"अहो, घरचा आहे! सकाळी काढलाय!"

"बाई, घरची भाजी अशी नसते. हिच्यात काहीच दोष नाही. आपल्यासारख्या माणसांना असं येतं का कधी?" आणि त्यांनी लाल शाईने शून्य लिहिलं.

खरं तर त्या दिवशी सगळ्यांनाच शून्य मिळालं, कारण सगळ्यांनीच बाजारातून आणलं होतं. जावकच्या गाजरावर दुकानाचं लेबल तसंच होतं. त्याने ते गाजराचं नाव असल्याचं सांगून पाहिलं, पण जमलं नाही.

योजनेला शून्य टक्के यश म्हटल्यावर साहेबांचं प्रशिक्षण वाया गेल्यासारखं झालं असतं. तेव्हा दुसऱ्या बुधवारच्या आत परिशिष्ट 'अ' निघालं. घरच्या भाजीची ओळख पुढीलप्रमाणे ठरवण्यात आली : किमान दोन भोकं, किमान एक पोचा, आणि चमचाभर माती. भोकं किडीचीच असावीत. मात्र नमुन्यात कीड आढळल्यास डबा व्हीगन राहत नसल्याने तो बाद होईल. म्हणजे कीड येऊन गेलेली असावी, परंतु ती स्वखुशीने गेलेली असावी.

लोकांनी कपाळावर हात मारला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! कचेरीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसायची, तिला हे परिशिष्ट साहेबांच्या सहीआधीच कळलं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिने दोन ढीग लावले. एक साधा आणि एक 'घरगुती'. घरगुती ढिगातल्या प्रत्येक भाजीला मोजून दोन भोकं, एक पोचा, आणि शेजारी कागदाच्या पुडीत माती. साधा ढीग तसाच राहिला आणि घरगुती ढीग अर्ध्या तासात उडाला. बुधवारी टाचणीसाहेबांनी भोकाभोकांत टाचणी घालून खोली तपासली आणि सगळ्या कचेरीला दहापैकी नऊ गुण दिले. बाईंना शून्य.

"एक भोक तरी आणायचं होतं हो," जावक हळहळला. त्याला तर अर्धा गुण जास्तच, साडेनऊ होते.

बाई घरी आल्या त्या फणकाऱ्यातच. बागेत जाऊन त्यांनी एका वांग्यावर विणायची सुई उगारली, तोच सासूबाईंनी मनगट धरलं.

"खबरदार! माझ्या वांग्याला भोक?"

"आई, अकरा वर्षं मी उजेड पाहिला नाही. एका भोकाचा प्रश्न आहे."

"एकाचा नाही, दोनाचा आहे, मी वाचलाय तुझा कागद. तुझ्या साहेबाला म्हणावं, घरी येऊन बघ. डोळे आहेत ना त्याला?"

हे मात्र बाईंना पटलं. त्यांनी स्थळपाहणीसाठी रीतसर अर्ज केला, तो तीन टेबलं फिरून मंजूर झाला आणि एका सकाळी साहेब व टाचणीसाहेब बागेत येऊन उभे राहिले. साहेबांनी झाडावरचे सात टोमॅटो जागच्या जागी खाल्ले. आठवा त्यांनी खिशात टाकला. "काय गोडी आहे! अगदी विकतच्यासारखी," ते म्हणाले.

टाचणीसाहेब भोपळ्याच्या वेलापाशी थबकले होते. पिवळ्या फुलांतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या.

"हे कोणाचे कर्मचारी?" त्यांनी विचारलं.

"मधमाश्या आहेत त्या," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याशिवाय भोपळा धरत नाही."

"म्हणजे भोपळ्यामागे प्राण्यांचे श्रम आहेत." टाचणीसाहेबांनी वही काढली. "आणि व्हीगन म्हणून देताय?"

दुसऱ्या दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. आपल्या बागेत अंदाजे चाळीस मधमाश्या विनापरवाना व विनावेतन राबताना आढळल्या, तरी आपणावर कारवाई का करू नये? बाईंनी लेखी उत्तर दिलं, की त्या स्वेच्छेने येतात, मी कोणालाही कामावर ठेवलेलं नाही. त्यावर शेरा आला, "स्वेच्छेबाबत मधमाश्यांचं निवेदन जोडावं." शिवाय बाग इतकी नीटनेटकी होती, की ती पाहणीपुरती भाड्याने आणली असावी, असंही अहवालात म्हटलं होतं.

सातवा बुधवार झाला. बाईंचं शून्य वाढलं नाही की घटलं नाही. आता एकच बुधवार उरला होता आणि जावक खिडकीच्या टेबलाची लांबीरुंदी मोजून गेला होता. त्या संध्याकाळी बाई तळघरात ट्यूबखाली बसून चक्क रडल्या. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि मुकाट्याने कोपऱ्यावर गेल्या.

"घरगुती दुधी आहे?"

"शेवटचा आहे," भाजीवाली म्हणाली. "दोन भोकांचा हवा की चार?"

बाईंनी दुधी हातात घेतला आणि बघतच राहिल्या. देठाला उशीच्या जुन्या अभ्र्याची निळी चिंधी होती आणि चिंधीला दुहेरी गाठ. दुधीला अशी गाठ या जगात फक्त सासूबाई मारत होत्या. बाई तशाच तरातरा घरी गेल्या.

"आई! आपला दुधी तिच्या पाटीत कसा?"

सासूबाई घेवडा निवडत होत्या. "घरात माणसं तीन. आणि दुधी येतात दिवसाला पाच. कोण गिळणार? ती बिचारी मागच्या दाराने येते, घेऊन जाते. मला काय माहीत ती त्यांना भोसकते म्हणून!"

म्हणजे सहा बुधवार अख्खी कचेरी बाईंच्याच बागेतलं जेवली होती, बाईंच्याच भाजीवर नऊ-नऊ गुण घेत होती, आणि शून्य तेवढं बाईंना! क्षणभर बाईंना कळेना रडावं की ओरडावं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता चुलीपाशी बसल्या, सासूबाईही हसायला लागल्या, आणि घेवडा सगळा जमिनीवर सांडला.

आठव्या बुधवारी बाईंनी विकतचा घरचा दुधी सादर केला. टाचणीसाहेबांनी भोकं तपासली, पोच्यात अंगठा बसवून पाहिला, माती चाखली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! मनावर घेतलं की घरचं पिकतं." उशिरा का होईना सुधारणा केल्याबद्दल बाईंना दहापैकी दहा आणि मागचे सगळे गुण एकरकमी देण्यात आले. साडेनऊवाला जावक मागे पडला आणि खिडकी बाईंना मिळाली.

काय सांगू तुम्हाला त्या खिडकीचं! सकाळी दहाला उजेड टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर यायचा आणि अकरापर्यंत शिक्क्याच्या पेटीशी पोचायचा. बाई उगाचच खिडकी उघडायच्या, उगाचच लावायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला "आज वारा छान आहे नाही?" म्हणायच्या. तळघरातल्या धुळीने जडलेला त्यांचा खोकला महिनाभरात गेला.

मग योजनेचं यश पाहून साहेबांनी ती जनतेला खुली केली. यापुढे कोणत्याही अर्जासोबत घरी पिकवलेली एक भाजी जोडणं बंधनकारक झालं. पडताळणी अर्ज स्वीकारतानाच करायची, म्हणजे बाईंच्या टेबलावर. टाचणीसाहेबांनी कुलूप उघडून एक टाचणी त्यांना सही घेऊन दिली. चूक झाली तर टेबल जावकला, असंही बजावलं.

पहिल्याच दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. पहिल्या क्रमांकावर सासूबाई होत्या. त्यांना हयातीचा दाखला हवा होता. आपण जिवंत आहोत असं लिहिलेला अर्ज आणि एक वांगं त्यांनी टेबलावर ठेवलं. जांभळं, तुकतुकीत, डागसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या झाडाचं होतं ते. सकाळीच बाईंनी त्याला पाणी घातलं होतं.

बाईंच्या मागे साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. खिडकीतून वारा येत होता. बाईंनी वांगं फिरवून पाहिलं. टाचणी कुठे घालायची तेच कळेना, भोक असेल तर ना! त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि वांगं परत सरकवलं.

"आजी," बाई म्हणाल्या, "हे घरचं वाटत नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने शिक्क्याच्या पेटीकडे पाहिलं.

"मी जिवंत आहे की नाही, ते तरी वाटतंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"ते वांग्यावर अवलंबून आहे. उद्या दुसरं आणा."

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली होती. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो आजी, आटपा की! नियम म्हणजे नियम. कोपऱ्यावर मिळतात ना घरची, घ्यायची एक!"

सासूबाई वळल्या. रांगेत दुसरा नंबर तुमचा होता. तुमच्या हातात मातीने माखलेला टोमॅटो होता आणि त्याची दोन्ही भोकं तुम्ही सगळ्यांना दिसतील अशी वर करून धरली होती.