सहा मिनिटांची आकाशधून

पुंजाजीची रिक्षा सकाळी साडेआठला फाटकाशी थांबली, तेव्हा भाऊराव ओट्यावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. रिक्षावर दोन भोंगे, मागे बॅटरी. नांदुऱ्यात साड्यांचा सेल लागो, कोणाची म्हैस हरवो की कोणी देवाघरी जावो, गावाला ते पुंजाजीच्या भोंग्यातूनच कळायचं.

"सर, आज वाचनालयाचं काम हाय. पाच वाजता पुस्तकांचं प्रदर्शन, तुमच्या हातानं उद्घाटन. बोलनं भरून घेतलं, पन मधात वाजवाले काही पाह्यजे. माह्यापाशी सनई हाय, पन थे पडली मयतीची. तुमच्यापाशी हाय काही?"

भाऊरावांची पेन्सिल थांबली. अठरा वर्षांत त्यांना संगीताबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. घरात मात्र अकरा कॅसेटी होत्या, सगळ्या एकाच प्रकारच्या: परदेशी विज्ञानपटांच्या आणि मालिकांच्या सुरुवातीला वाजणाऱ्या धुनांचे संग्रह. प्रत्येकीवर यानाचं चित्र, खाली 'भाग दोन', 'भाग पाच' असं काहीबाही, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कुठल्याशा अनोळखी वाद्यवृंदाचं नाव. त्यांच्या बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या, मते त्या सगळ्यांचा आवाज कुकरची शिट्टी अडकल्यासारखा होता. कॅसेटी झिजायला लागल्यावर भाऊरावांनी त्या एका पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतल्या होत्या.

तो त्यांनी आणून दिला. "यातली शेवटची लावा," ते म्हणाले, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून पुन्हा कोड्यात शिरले.

शेवटच्या धुनेमागे वाहेद होता. स्टेशनजवळ वाहेदचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. तरुणपणी दोघं त्याच दुकानातल्या टीव्हीवर रविवारी सकाळी एक परदेशी मालिका पाहायचे. एक यान ग्रहामागून ग्रह पाणी शोधत फिरायचं. इंग्रजी फारसं कळत नसे, पण पाण्यासाठी वणवण नांदुऱ्यात कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. मालिका बंद पडली, धून मनात राहिली. पुढं वीस वर्षं दोघं ती शोधत होते. वाहेद मुंबईहून संग्रह मागवायचा, भाऊराव संध्याकाळी वाचनालय बंद करून दुकानात जायचे, आणि दोघं बाजू पालटून पालटून ऐकायचे. नसायचीच.

अकराव्या संग्रहात ती सापडली. वाहेदनं चार गिऱ्हाइकांसमोर ती लावली. एरवी हॉटेलात गार चहा आला तरी मुकाट्यानं पिणारे भाऊराव त्या दिवशी म्हणाले, "हे असली नाही. कोनीतरी दुसऱ्यानंच वाजवलं हाय."

"म्हंजे मी खोटा माल देतो?"

"तसं नाही, पन हे थे नाही."

"मंग जाय, खरा देनाऱ्याच्या दुकानात जाय!"

पुढच्या महिन्यात कॅसेटीचा धंदाच बसला आणि वाहेद मुलाकडे, वकारकडे, मलकापूरला राहायला गेला. मलकापूर गाडीनं अर्धा तास. भाऊराव दर ईदेला स्टेशनवर जायचे, तिकीट काढायचे, आणि कोणत्या तोंडानं जावं हे ठरेपर्यंत गाडी निघून जायची.

इकडे पुंजाजी कामाला लागला. जाहिरात तीन तुकड्यांत भरायची आणि मध्ये थोडं वाजवायचं, म्हणजे लोकांना दारात यायला वेळ मिळतो, ही त्याची जुनी रीत. सनईचा तुकडा दहा सेकंदांचा होता. भाऊरावांची धून भरली सहा मिनिटांची. खर्जातला ऑर्गन, वाऱ्यासारखी घरघर, आणि फार लांबून विव्हळणारा बाईचा आवाज. सहा मिनिटांत रिक्षा दोन गल्ल्या ओलांडायची.

त्यामुळं भाऊरावांच्या गल्लीला ऐकू आलं ते एवढंच: "आपल्या गावचे माजी ग्रंथपाल, सर्वांचे आवडते भाऊराव..." आणि त्यामागून तो विव्हळणारा आवाज. 'यांच्या हस्ते उद्घाटन' हा मधला तुकडा पडला धान्यबाजाराच्या वाट्याला, तिथं तो हमालांच्या आरडाओरड्यात बुडाला. आणि मागच्या वस्तीला मिळालं, "आज सायंकाळी पाच वाजता. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे." मग पुन्हा तेच विव्हळणं.

पहिल्यांदा शेजारच्या केसरबाई आल्या, पदर तोंडाला लावून. समोर भाऊराव पोहे खात होते. केसरबाई किंचाळल्या. भाऊराव घाईघाईनं म्हणाले, "माफ करा, वहिनी."

त्यांची समजूत घालून मागच्या दारानं घरी पाठवेपर्यंत ओटा भरला होता, आणि एवढी माणसं पाहून भाऊराव संकोचून आतल्या खोलीत शिरले. सत्यभामाबाई प्रत्येकाला सांगू लागल्या, "अहो, जिते हायेत थे! आत बसले हायेत!"

"डोक्यावर परिनाम झाला बिचारीच्या," एकजण म्हणाला. दोघी बायांनी त्यांना धरून खाली बसवलं. "रड बाई, रड. मोकळी हो."

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून पलीकडच्या गोजरबाईंनी पिठलं-भाकर आणली. वाचनालयातून निरोप आला की प्रदर्शन रद्द, पाच वाजता शोकसभा. आतल्या खोलीत भाऊरावांना ओट्यावरचं बोलणं ऐकू येत होतं.

"लय चांगला मानूस. कधी आवाज नाही चढवला."

"आवाज होता काय पन त्याले?"

ही स्तुती की काय, ते भाऊरावांना ठरवता येईना.

सत्यभामाबाई हात सोडवून आत आल्या. "अहो, बाहीर या ना! लोकं मले येडी समजून राह्यले!"

"थांब जराशी," भाऊराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "दुपारची गाडी येऊ दे."

"कोनती गाडी?"

"मलकापूरची."

नांदुऱ्यात शिंकलं की मलकापुरात पडसं होतं, हे सत्यभामाबाईंनाही ठाऊक होतं. त्या बाहेर गेल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गाडी आली. गाडी गेली. भाऊरावांनी स्टेशनापासून घरापर्यंतचं अंतर मनात दोनदा चालून पाहिलं. आला नाही. मेल्यावरही येऊ नये इतकं आपण बोललो होतो काय? आता बाहेर जाऊन लोकांची क्षमा मागावी म्हणून ते उठले. तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी धापा टाकत बसलं.

"इथं चार मानसं बसले हायेत तं सांगून टाकतो," तो आवाज म्हणाला. तो आता म्हातारा झाला होता. "हा मानूस खरा होता. मी त्याले नकली माल देल्ला अन् वरून मीच रुसून बसलो. पाकिटावर बारीक अक्षरात दुसऱ्याच वाजवनाऱ्याचं नाव लिहेल होतं, मी वाचलंच नोतं. दुसऱ्या दिवशी वाचलं. पन सांगाले कोन जाते?"

पडदा बाजूला झाला. भाऊराव उंबऱ्यात उभे होते. ओट्यावर एकच कल्लोळ उठला. दोघं गल्लीत पळाले, गोजरबाईंनी रामनाम सुरू केलं. वाहेद मात्र जागचा हलला नाही. चष्मा काढून त्यानं सदऱ्यानं पुसला.

"जिता हायेस?"

"हाव."

"मंग बोलावलं काऊन नाही बे? अठरा साल? हे असं मराचं नाटक करा लागते?"

"म्या नाही केलं. पुंजाजीनं केलं," भाऊराव म्हणाले. मग खरं बोलायचं म्हणून पुढं जोडलं, "दुपारपासून मात्र म्या."

वाहेद हसता हसता खोकला. सत्यभामाबाईंनी त्याला आत नेऊन पाणी दिलं आणि ओट्यावरच्या मंडळींना आवरायला बाहेर गेल्या. आत दोघंच उरले. वाहेदनं खिशातून फोन काढला.

"आमच्या फलकनं धुंडून देल्ली. नात हाय माही. असली हाय म्हन्ते. तुह्या मातीले आलो तं तुले ऐकवाव, असं मनात होतं."

फोन वाजू लागला. पहिल्या चार सुरांतच भाऊरावांच्या अंगावर काटा आला. तीच होती. तो रविवार, दुकानातला रॉकेलचा वास, एका बाकावर चिकटून बसलेले दोघं, सगळं तसंच्या तसं. फोनच्या पडद्यावर मालिकेचं नावसुद्धा स्वच्छ लिहिलेलं होतं.

धून संपली. वाहेद त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. भाऊरावांच्या मनात आलं, आपण 'हो' म्हटलं की झालं. शोध संपला. वाहेद चहा घेईल, संध्याकाळच्या गाडीनं जाईल, आणि मग यायचं कारण काय?

"जवळपास हाय," भाऊराव चाचरत म्हणाले. "पन..."

"पन?"

"सुरुवात जराशी वेगळी वाटते."

वाहेदनं एकदा पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं, एकदा भाऊरावांकडे, आणि फोन पालथा ठेवला.

"मलेबी तेच वाटलं," तो म्हणाला. "पोरीले काय समजते त्यातलं? पुन्हा धुंडा लागन. येत्या इतवारी येतो."

"ये. मीच येतो, नाही तं."

"तू कायचा येतं! मीच येतो."

सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा स्टेशनकडून गाडीची शिट्टी आली. दोघांनीही ती ऐकली, आणि कोणीच उठलं नाही.