वासराच्या बरगड्या आणि चुकलेला शुक्रवार

या मंडळी, जरा जवळ सरका. मागच्या बाकावरच्यांनीही पुढं यावं, कारण ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. पोट भरलेलं असेल तर बरं, नसेल तर आणखी बरं, भुकेल्या माणसाला ती लवकर कळेल. पिंडोसच्या डोंगराखालच्या आमच्या गावात एका भल्या माणसाच्या हातून एक चूक झाली आणि सगळं गाव भर शुक्रवारी, भर दुपारी पापात पडलं. कसं पडलं आणि देवानं त्यातून काय काढलं, ते सांगतो.

तो भला माणूस म्हणजे पॉलिक्रोनिस, आमच्या चर्चमधला गायक. एकतीस वर्षं तो उजव्या बाजूच्या गायकांच्या मेजापाशी उभा राहून गात होता. आवाज असा, की स्तोत्र गाऊ लागला की पेंगणाऱ्या म्हाताऱ्याही मान वर करत. पण स्वभावाला एक काटा होता. त्याला चूक सहन होत नसे. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या सणाच्या दिवशी डाव्या बाजूला गाणारा त्याचा धाकटा भाऊ झिसिस एका ओळीत भलत्याच सुरात शिरला, तेव्हा पॉलिक्रोनिसनं हात वर करून भर चर्चमध्ये त्याला थांबवलं. झिसिसनं पुस्तक मिटलं, टोपी घेतली आणि पुढच्या महिन्यात जर्मनी गाठली. त्यानंतर ना पत्र, ना फोन.

आणि अचानक एका शनिवारी पत्र आलं. तीनच ओळी: 'दादा, पुढच्या रविवारी येतो. सोमवारी परत जाईन. स्टेर्गिओसच्या दुकानातलं भाजलेलं मटण खायची इच्छा आहे.'

पुढचा रविवार म्हणजे मांसाचा शेवटचा रविवार. त्यानंतर थेट ईस्टरपर्यंत मटण नाही. पॉलिक्रोनिसनं ते पत्र रात्रीपर्यंत अकरा वेळा वाचलं आणि हरवू नये म्हणून चर्चच्या वर्षाच्या पुस्तिकेत घालून ठेवलं. एरवी दर बुधवारी-शुक्रवारी मांस वर्ज्य; पण कोणत्या दिवशी उपास, कोणत्या दिवशी सूट, हे सगळं त्या पुस्तिकेत असतं. गावात ती एकच, आणि तीही त्याच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उधळ्या मुलाची कथा होती. घर सोडून गेलेला धाकटा परत येतो आणि बाप त्याच्यासाठी पोसलेलं वासरू कापतो, ती. पॉलिक्रोनिस ती अशी गायला, की स्वतःच्याच डोळ्यांतून धारा लागल्या. आमचे म्हातारे धर्मगुरू, पापा-विसारिओन, सर्दीनं बेजार होते. कान बंद, नाक लाल. त्यांनी हातानंच खूण केली, "सूचना तूच वाच."

पॉलिक्रोनिसनं पुस्तिका उघडली. ती उघडली जिथं पत्र होतं तिथं, म्हणजे एक पान मागं. डोळे ओले, अक्षरं धूसर. त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "या आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार उपास नाही. सर्व काही चालेल."

ती सूट गेल्या आठवड्याची होती. पण गेल्या रविवारी बर्फामुळं चर्चमध्ये चारच माणसं होती, आणि पापा-विसारिओन यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचला नव्हता. अशी एक सूट दरवर्षी येते एवढं गावाला माहीत होतं, लोक तिची वाटच बघत होते. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. पॉलिक्रोनिस आणि चूक?

त्यालाही शंका आली नाही, कारण त्याच्या घरी सूट असो नसो, बुधवार-शुक्रवार पाळलाच जाई. त्याच्या डोक्यात आठवडाभर एकच विषय होता, वासरू. सोमवारीच तो स्टेर्गिओसकडं जाऊन आला होता. स्टेर्गिओसचं दुकान म्हणजे पुढं खाटकाचा ओटा, मागं निखाऱ्यांची शेगडी आणि मधे बारा टेबलं. आत यायचं, आकड्याला टांगलेल्यातलं बोट दाखवून निवडायचं. स्टेर्गिओस तुमच्यासमोर कापणार, तोलणार, नावाची चिठ्ठी टोचणार आणि भाजायला पाठवणार. पॉलिक्रोनिसनं वासराच्या बरगड्यांची एक सबंध फळी निवडली होती. चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'पॉलिक्रोनिस. रविवार. हात लावू नये.'

शुक्रवारी दुपारी तो त्या बरगड्यांना नुसतं बघून यावं म्हणून निघाला. शुक्रवारी त्या दुकानात माशीही फिरकत नसे. पण कोपऱ्यावर वळताच त्याच्या नाकात धूर शिरला. कोकराच्या चरबीचा, ओव्याच्या फुलांचा, लिंबाचा. दार उघडलं तर आत बाराच्या बारा टेबलं भरलेली.

"हे काय?" पॉलिक्रोनिसच्या तोंडून एवढंच निघालं. "आज शुक्रवार आहे!"

"आहेच मुळी!" पहिल्या टेबलावरून देस्पो काकूनं हाडूक हलवत आरोळी दिली. "देव तुमचं भलं करो, काका. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर मी आज चवळी शिजवत बसले असते."

"मी... सांगितलं?"

"अहो, साऱ्या चर्चनं ऐकलं. 'सर्व काही चालेल!' काय गोड आवाजात म्हणालात! बुधवारी मी घरच्या घरी सॉसेज तळले, तेव्हाही तोच आवाज कानात घुमत होता."

पॉलिक्रोनिसनं खिशातून पुस्तिका काढली. पान उघडलं. मग पुढचं पान उघडलं. मग खुर्ची शोधली.

आता मंडळी, सांगून टाकायला काय लागत होतं? उठायचं, म्हणायचं, 'थांबा, माझी चूक झाली.' पण एकतीस वर्षांत ते वाक्य त्याच्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं, त्यामुळं ते कुठून सुरू करतात हेच त्याला आठवेना. आणि घास घेतलेल्यांनी तर घेतलाच होता. तो मनाशी म्हणाला, आत्ता खातील, जातील, संध्याकाळी पापांच्या कानात हळूच सांगू. त्यांचे कान तसेही बंद आहेत.

तेवढ्यात स्टेर्गिओस घाम पुसत पुढं आला. "काका, तुम्ही माझं घर भरलंत! काल धुराचा गुरुवार, गावभर मांस भाजायचा सण, त्यात निम्मा माल गेला. आज वाटलं होतं शटर ओढावं. आणि बघा! कोकरू संपलं, डुक्कर संपलं, कोंबड्या संपत आल्या."

"आणि वासरू?"

"वासराची तेवढी तुमचीच फळी राहिलीय."

कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर सरपंच आठ जणांना घेऊन नुकतेच बसले होते. त्यांनी मान लांब करून आकड्याकडं पाहिलं. "स्टेर्गिओस, ती फळी झकास दिसते रे! आण इकडं."

"ती काकांची आहे, सरपंच. चिठ्ठी आहे."

"काका काय आज खाणार आहेत? त्यांना उद्या दुसरं आण की."

"उद्या कत्तलखाना बंद. सोमवारपर्यंत काही नाही."

'माझ्या भावासाठी आहे' एवढं पॉलिक्रोनिसनं म्हणायला हवं होतं. पण मग भाऊ कोण, कुठून, इतकी वर्षं का नाही, हे सगळं निघालं असतं. त्यानं जवळची वाट धरली. "सरपंच, नका घेऊ," तो म्हणाला. "ती... चामट आहे."

शेगडीवरची चरबी तेवढी चुरचुरत होती.

"काय म्हणालात?" स्टेर्गिओसनं सुरा हळूच ओट्यावर ठेवला.

"म्हणजे... जरा म्हातारं वासरू असावं."

"म्हातारं?" स्टेर्गिओसचे कान लाल झाले. "माझ्या आज्यानं हे दुकान टाकलं. तीन पिढ्यांत या ओट्यावरच्या मटणाला कुणी चामट म्हटलं नाही! आणि तुम्ही स्वतः निवडलंत, सोमवारी तासभर ओळीनं सगळ्याला चिमटे काढलेत!"

"अरे, माझ्या बोलण्याचा अर्थ..."

"अर्थ गेला खड्ड्यात! आता सारं गावच ठरवेल." आणि पॉलिक्रोनिस उठायच्या आत त्यानं फळी आकड्यावरून उतरवली, चिठ्ठी उपटून फेकली आणि सत्तूर चालवला. खट्, खट्, खट्. "प्रत्येक टेबलाला एक बरगडी. माझ्याकडून. जो चामट म्हणेल त्यानं उद्यापासून मसूर खावा."

पॉलिक्रोनिसनं डोळे मिटले. बरगड्या निखाऱ्यावर पडल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग वास. मग दात. मग देस्पो काकूचा आवाज, "अगं बाई! लोण्यासारखी आहे! काका, तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडं जायला हवं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच दोन बोटं चाटत म्हणाले, "पॉलिक्रोनिस, आयुष्यात पहिल्यांदा चुकलास बघ."

आणि त्याच वेळी दार उघडलं. पापा-विसारिओन आत आले, गळ्याला मफलर, हातात औषधाची बाटली. ते शेजारच्या औषधाच्या दुकानातून परतत होते. सर्दीतूनसुद्धा त्यांना वास आला होता, यावरून अंदाज करा. सगळं दुकान आदरानं उभं राहिलं. स्टेर्गिओसनं शेवटची बरगडी ताटलीत घालून पुढं केली. "या बाबा, बसा. नशीबवान आहात, एकच उरलीय."

पापांनी ताटलीकडं पाहिलं. मग टेबलांकडं. मग देस्पो काकूच्या हनुवटीवरच्या तुपकट थेंबाकडं. "लेकरांनो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी किती दिवस आजारी होतो? आज शुक्रवार ना, का रविवार झाला?"

"शुक्रवारच, बाबा! पण सूट आहे ना. काकांनीच वाचलं."

सगळ्यांच्या नजरा पॉलिक्रोनिसवर खिळल्या. तो उभा राहिला.

"सूट नाही," तो म्हणाला. "सूट गेल्या आठवड्यात होती. मी पान चुकलो. भावाचं पत्र आलं होतं, ते पुस्तिकेत होतं, आणि मी... मी रडत होतो. तो परवा येतोय. चौदा वर्षांनी. ती फळी त्याच्यासाठी होती. चामट नव्हती, स्टेर्गिओस. मी खोटं बोललो. माझी चूक झाली."

कुणाच्या तरी हातातला काटा जमिनीवर पडला. देस्पो काकूनं तोंडातला घास गिळावा की काढावा, ते न कळून गाल फुगवून ठेवला होता.

"गिळ, देस्पो," पापा म्हणाले. "आता तो बाहेर काढून कुणाचं भलं होणार?"

"बाबा, मी तर फक्त कडेची चरबी खाल्ली," ती घाईघाईनं म्हणाली.

पापा खुर्चीत बसले आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, "बरं. प्रायश्चित्त तर द्यायला हवं. ताटात उरलंय ते कागदात बांधा, उद्या खा. आणि ज्यांनी ज्यांनी पॉलिक्रोनिसच्या भावाचं वासरू खाल्लं, त्यांनी परवा आपापल्या घरातलं सर्वांत चांगलं काही शिजवून त्याच्या दारात पोचवायचं. सर्वांत चांगलं म्हणतोय, देस्पो. उरलेलं नव्हे."

"आणि मला, बाबा?" पॉलिक्रोनिसनं विचारलं.

"तुझं प्रायश्चित्त तू आत्ता उभं राहून घेतलंस की. बस खाली. पाय बघ कसे लटपटतायत."

रविवारी दुपारी झिसिस बसमधून उतरला. केस पांढरे, पोट सुटलेलं, चाल जरा लंगडी. दोघं भाऊ दारात समोरासमोर उभे राहिले आणि हात पुढं करायचा की मिठी मारायची, हे ठरेना. तोवर देस्पो काकू मधे घुसली, डोक्यावर भाजलेल्या कोंबड्याचं ताट. तिच्यामागं सरपंच, सॉसेजची माळ गळ्यात घातल्यासारखी. मागं डुकराची तंगडी, कोफ्ते, भरलेली कोबीची पानं. शेवटी स्टेर्गिओस. त्यानं रातोरात शेजारच्या तालुक्यातल्या मेव्हण्याकडून वासराची एक नवी फळी मिळवली होती, आणि तिच्यावर चिठ्ठी टोचली होती: 'झिसिस. चामट नाही.'

टेबल भरलं, मग कपाट, मग खिडकीची कड. झिसिस बघतच राहिला. "दादा, हे काय? कुणी मेलं-बिलं नाही ना?"

मग पॉलिक्रोनिसनं सांगितलं. पान, शुक्रवार, चामट, सगळं. एकही शब्द न गाळता. झिसिस ऐकता ऐकता आधी ओठ चावू लागला, मग टेबलावर डोकं ठेवून हसू लागला. त्याचे खांदे हलत होते, आणि काही वेळानं ते हसण्यानंच हलतायत की नाही ते कळेनासं झालं.

"खा ना आता," पॉलिक्रोनिस म्हणाला. "स्टेर्गिओसनं स्वतः भाजलंय."

झिसिसनं ताट हळूच बाजूला सारलं. "दादा, रागावू नकोस. मला मांस बंद आहे. चार वर्षं झाली. पायात गाऊट आहे, एक घास खाल्ला तर सोमवारी बसपर्यंत चालवणार नाही."

दारात उभ्या असलेल्या स्टेर्गिओसचा चेहरा बघवेना.

"अरे, मग मटण खायला येतो असं लिहिलंस कशाला?"

"मग काय लिहू?" झिसिस भिंतीकडं बघत म्हणाला. "'दादा, तुझी आठवण येते' असं लिहिलं होतं. पाच कागद फाडले. मग जे लिहिता येत होतं ते लिहिलं."

पॉलिक्रोनिसची बायको एव्हांथिया उठली. तिनं भिंतीच्या कडेला ठेवलेला पालकाचा जाडसर पोळा, तिच्या हातचा, कापून झिसिसपुढं ठेवला. त्यानं तो एकट्यानं संपवला, वर आणखी मागितला. वासराची फळी मागून आलेल्या पापा-विसारिओन यांनी, सर्दी बरी झाल्याच्या आनंदात, जवळजवळ सगळी संपवली.

मंडळी, ते दोघं भाऊ आता एकमेकांची आठवण काढायला समर्थ आहेत, त्यांची काळजी नको. पण पापा-विसारिओन त्याच वर्षी पावसाळ्याआधी देवाघरी गेले. जन्मभर त्यांनी गावाची पापं ऐकली, आणि एकालाही त्याच्या वाट्यापेक्षा जड शिक्षा दिली नाही. आज घरी जाऊन ताटावर बसाल, पहिला घास उचलाल, तेव्हा क्षणभर त्यांचं नाव घ्या. मोठ्यानं नको, मनात घेतलंत तरी पोचेल.