शालनबाईंची नवी आवृत्ती

देवखिंड नगरपालिकेचा संगणक लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर गेला आणि तेव्हापासून एकही अपडेट बसेना, कारण त्याच्या प्रोग्रामांच्या यादीतल्या शालन सावळेकर आड येत होत्या. गावाचा पाणीपुरवठा त्याच संगणकावर चालायचा, त्यामुळे नळ कोरडे पडले.

नगरपालिकेने निगुडकर नावाचा तंत्रज्ञ सावळेकरांच्या घरी पाठवला. पोरगा गुणी होता. त्याने चपला बाहेर काढल्या, मगच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शालनबाईंनी त्याच्यापुढे चिवडा ठेवला. त्यांचे यजमान भालचंद्र शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पडद्यावर लाल अक्षरांतलं बायकोचं नाव ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

"नेट ठीक आहे," निगुडकर म्हणाला. "जिथून अपडेट येतात ते पत्ते बदलून पाहिले. अर्धवट उतरलेल्या फाइली पुसल्या. तरी गाडी काकूंपाशीच अडते. पाण्याचा नवा प्रोग्राम जुन्या काकूंबरोबर नांदत नाही."

"मग हिला नवी करा," भालचंद्र म्हणाले.

"नवी आवृत्ती कुणीतरी काढायला हवी ना, काका. काकूंना सांभाळतं कोण?"

"वडील होते," शालनबाई म्हणाल्या. "वारले."

"म्हणजे? मी सांभाळतो की!" भालचंद्र म्हणाले.

निगुडकरने पडद्यावर खात्री करून घेतली. "तुम्ही वापरता, काका. सांभाळणाऱ्याच्या जागी तुमचं नाव नाही."

चिवड्यातले खोबऱ्याचे काप शालनबाईंनी सवयीने नवऱ्याकडे सरकवले.

भालचंद्र हट्टाला पेटले. हिला आहे तशी धरून ठेवता येत नाही का? येतं, निगुडकर म्हणाला, तशी सोय आहे. पण मग गावाला पाणी नाही. पाणी हवं तर काकूंना काढावं लागेल. अंगणात आळीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन उभ्या होत्या. वाकडा शब्द कुणी काढला नाही. शेजारच्या घैसासवहिनींनी तर खिडकीतून सांगितलं, "शालनताई, घाई नाही हो. दुपारपर्यंत झालं तरी चालेल." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे गरजवंतांना रीतभातसुद्धा होती, आणि तीच जास्त भयंकर होती.

"दुखतं का रे?" शालनबाईंनी विचारलं.

"पडद्यावर एक पट्टी भरत जाते. बाकी काही नाही."

शालन सावळेकर काढून टाकल्या जातील, पुढे जायचं का, असा प्रश्न समोर आला. भालचंद्रांनी दोन्ही हातांनी कळफलक झाकला. त्यांना रडू फुटलं आणि परक्या मुलासमोर रडण्याची लाजही वाटली नाही.

"मरू दे गाव तहानेनं," ते म्हणाले.

"असं बोलू नये, अहो. घैसासांकडे बाळंतीण आहे."

शालनबाईंनी नवऱ्याचं एकेक बोट अलगद उचललं आणि स्वतःच 'हो' दाबलं.

पट्टी भरली. शालनबाईंची खुर्ची रिकामी झाली. स्वयंपाकघरातला उघडा राहिलेला नळ आधी फुसफुसला, मग त्यातून गढूळ पाणी धो धो वाहू लागलं. अंगणातल्या बायका लगबगीने आपापल्या घरी पळाल्या.

पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. निगुडकरने ती वाचून दाखवली. "भालचंद्र सावळेकर हे शालन सावळेकर यांच्यासोबत आपोआप आले होते. आता त्यांची गरज उरलेली नाही."

"म्हणजे मलाही काढणार?" भालचंद्रांनी आशेने विचारलं.

"सक्ती नसते. आणि मला आदेश फक्त काकूंना काढायचा आहे."

"मग माझं काय?"

"राहिलात तरी कुणाची अडचण नाही. दर अपडेटला ही ओळ दिसत राहील, एवढंच."

भालचंद्रांनी मान डोलावली. आलेल्या माणसाला चहा विचारायला हवा, म्हणून ते आत गेले. नळ बंद केला, आधण ठेवलं आणि फळीवरचे डबे एकामागून एक उघडून पाहू लागले.

"अगं, साखर कुठेय?" त्यांनी हाक मारली.

निगुडकर बाहेर लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. तो म्हणाला, "काका, बिनसाखरेचाही चालेल."