आधी तू जेव

आमच्या शेजारचे तात्या घरातल्या बाईमाणसाच्या आधी जेवत नाहीत. मग ती कितीही उशिरा येवो, तिला भूक असो वा नसो. त्यांची सून मंगलवहिनी शाळेत शिकवते. दुपारी ती दमून दारात आली की तात्या ताट वाढून तयार. "आधी तू. बरोबरी म्हंजे बरोबरी." आणि तिचं होईपर्यंत समोर बसून बघत राहतात. सासरा असा बसल्यावर घास उतरतो का, असं वहिनी माझ्या आईला विचारते. बरोबरी मिळाली खरी, म्हणते, पण भूक त्यांनी सांगितल्यावर लागायला हवी.

लासूर स्टेशन गावातल्या एका लग्नात तर कहरच झाला. तात्या पुरुषांच्या पंगतीतून न जेवताच उठले आणि थेट बायकांच्या शेवटच्या पंगतीत जाऊन बसले. बायकांनी पदर ओढले, माना खाली घातल्या. दुसऱ्यांदा भात कुणी मागेना. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "तात्या, उठा. तुमच्यापायी ह्या उपाशी राहतील."

"लई वर्षं राहिल्या की माझ्यापायी," तात्या म्हणाले.

सगळे हसले. मीही.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. स्त्री-पुरुष समानतेवर पानंच्या पानं लिहू शकते. चारचौघांत मात्र तोंड उघडत नाही. तात्यांची बरोबरी मला गमतीचीच वाटायची.

परवा आईनं केलेली थालीपिठं द्यायला त्यांच्याकडे गेले. वहिनी घरी नव्हती. तात्यांनी त्यातलंच एक मला आधी खायला लावलं, आणि मी खाताना ते आपणहून त्यांच्या वारलेल्या बायकोबद्दल, काकूंबद्दल, बोलू लागले.

"आमचं सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपाशी जेवायची. तवर मी आडवा झालेला असायचो. दहाव्याला पैठणला गेलो तर पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणले, बाईंच्या आवडीचं काही ठेवा. मी पुरणपोळी ठेवली. मग शिरा. मग भजी. पोरगा हळूच म्हणला, तात्या, हे समदं तुमच्या आवडीचं हाय."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला म्हणे.

तात्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला काय आवडतं गं?"

बाबांना वांग्याचं भरीत आवडतं. दादाला शेवेची भाजी. त्यापुढं मला काही सुचेना.

हातातलं थालीपीठ आईच्या हातचं होतं. तिनं स्वतः त्यातलं खाल्लं होतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं.