साडूसाठी आवाजाचा डबा

सुपडूनानांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही विकत घेतलेलं मी पाहिलं नाही. जे घेतलं ते साडूसाठी. छत्री घेतली, साडूसाठी. केस वाढायचं तेल घेतलं, तेही साडूसाठी, आणि ते मागताना टोपी दोन्ही हातांनी कानांपर्यंत ओढलेली. भज्यांच्या गाडीपुढे उभे असताना कोणी ओळखीचं दिसलं, की न विचारताच सांगायचे, "मना साडूले गरम भजी भलती आवडतस." पुडा घेऊन कोपऱ्यावर वळले, की साडूचं ते काम नाना स्वतःच उरकून टाकत.

अडचण एवढीच होती, की नानांच्या पत्नी यमुनाअक्का या पिंपळनेरच्या आईबापांची एकुलती एक लेक. नानांना साडू असण्याची सोयच नव्हती. जळगावातल्या आमच्या आख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. पण माणूस असा भला, की तोंडावर कोणी बोलत नसे. उलट दुकानदार आपुलकीनं चौकशी करत, "काय नाना, साडूंना छत्री पसंत पडली का?" नाना कानापर्यंत लाल होत आणि म्हणत, "हाव, पसंत शे."

नाना एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या काट्यावर कारकून होते. मी शाळामास्तर, आणि आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. इतका लाजणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. शिंक आली तर इकडेतिकडे बघून ओशाळायचे. आमच्याकडे चहाला आले, तर फुरका ऐकू जाऊ नये म्हणून चहा पार थंड होऊ द्यायचे आणि मग औषधासारखा घशात ओतायचे. "लाज वाटस हो मास्तर," हे त्यांचं पालुपद. कशाची, ते त्यांनाही सांगता येत नसे.

अशा माणसानं विजेची गिटार घ्यावी, याला काय म्हणायचं? पण घेतली. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला भुसावळचा एक रेल्वेतला साहेब विलायतेला निघाला आणि त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. त्यात ही होती. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातानं तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. तिचा आवाज मोठा करणारा डबा मात्र साहेबानं आधीच कोणाला तरी देऊन टाकला होता. डब्यावाचून ती गिटार म्हणजे तारा ताणलेली फळी. भिंतीला कान लावला तरी मला डासाएवढाच आवाज येई. नाना त्यावरच खूश होते. स्वतः वाजवलेलं दुसऱ्या कोणाला ऐकू जात नाही, याहून मोठं सुख त्यांना काय असणार! रोज संध्याकाळी दार लोटून ते अक्कांच्या माहेरची लग्नातली गाणी त्यावर बसवत, आणि अक्का शेजारी बसून शेंगा फोडत.

म्हणून एक दिवस ते दारात येऊन पुटपुटले तेव्हा मी चाटच पडलो. "मास्तर, तुमले इंग्रजी वाचता येस. मनासंगे दुकानमा चला. साडूले आवाजना डबा पाहिजे शे. स्वस्तमा."

आम्ही आधी गेलो जळगावच्या रेडिओवाल्याकडे. त्यानं भला थोरला रेडिओ दाखवला. मागच्या भोकात गिटारची तार खुपसली की तिचा आवाज रेडिओतून येतो, म्हणाला. किंमत ऐकून नानांनी हात असा मागे घेतला, की जणू रेडिओ चुलीवरून उतरवलाय. मग लग्नाकार्यात कर्णे भाड्यानं देणाऱ्याकडचा एक जुना कर्णा पाहिला. नानांनी एकच तार छेडली. रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बुजला आणि समोरचा शिंपी यंत्र थांबवून बाहेर आला. तोवर नाना खुर्चीमागे उकिडवे बसून मला खुणावत होते, की तुम्ही वाजवलं म्हणून सांगा.

शेवटी कोणीतरी धुळ्याच्या वामनआबांचं नाव सांगितलं. हे आबा पूर्वी तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव हिंडलेले. आता लष्करानं मोडीत काढलेलं विजेचं सामान आणून विकत. एरंडोल-पारोळ्यावरून मोटारीनं, मांडीवर पासोडीत गुंडाळलेली गिटार घेऊन, आम्ही धुळ्याला पोचलो.

आबांनी तीन डबे पुढे मांडले. "घरात वाजवायचं तर लहान लाकडी डबा घ्या. पत्र्याचा खडखडतो. मोठा घेतला तर तो हळू केला की त्याचा जीवच जातो. घरातल्या दिव्याच्या होल्डरवरसुद्धा चालेल हा."

नानांनी तिन्ही ऐकले. पण त्यांची मागणीच विचित्र होती. डब्यापाशी बसणाऱ्याला मोठ्यांदा ऐकू आलं पाहिजे आणि दाराबाहेर काही म्हणता काही जाता कामा नये. आबांनी भाव उतरवला, वर जादा तार देऊ केली, तरी नानांचं एकच, "अजून मोठा, पण बाहेर नको."

आबा वैतागले. "तुमचे साडू बहिरे आहेत का हो?"

"बहिरं कोणी नही शे!" नाना ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गिटार तिथेच टाकून ते तरातरा बाहेर गेले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

मी शेजारी बसलो. तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. मागच्या हिवतापात अक्कांनी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या खाल्ल्या, तेव्हापासून त्यांचे कान जात चालले होते. नानांना आधी ते कळलंच नाही.

"मी हाक मारू, ती वळे नही. माले वाटनं, मुद्दाम करस. पाहुणा बसेल व्हतात मास्तर. मी त्यासना समोर बोलनू, बहिरी शे का तू?" त्यांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं होतं. "तिनी मनाकडे दखं. त्या दिवसपासून ती बाहेरच निघत नही. सांगस, कोणले सांगू नका, बठ्ठी सारी गल्ली हसई."

अक्का हल्ली हळदीकुंकवाला का येत नाहीत, हे आमच्या घरी चार वेळा बोलून झालं होतं, आणि गर्वापर्यंतची कारणं लावून झाली होती. मला मान वर करवेना.

"आते गिटार वाजाडतो, तर ती नुसती मना हातकडे दखत बसस," नाना म्हणाले. "माले मनीच लाज वाटस मास्तर."

वामनआबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. सिनेमावाल्याच्या भारदस्त आवाजात, पण बेतानं ते म्हणाले, "नाना, दुसऱ्याच्या कानासाठी आपल्या कानानं डबा निवडता येत नाही. ज्याला ऐकायचंय त्यालाच इथं बसवावं लागतं. घेऊन या वहिनींना."

नानांनी आत जाऊन गिटार पुन्हा पासोडीत गुंडाळली. मला वाटलं, विषय संपला. भर बाजारात, चार लोकांत बायकोला बसवून तिच्या कानांची परीक्षा नानांनी घेणं शक्य नव्हतं, आणि अक्का तर उंबराही ओलांडत नव्हत्या. त्यांना नानांनी काय सांगून राजी केलं, देव जाणे. पण पुढच्या बाजारच्या दिवशी मोटारीत आम्ही तिघं होतो. अक्का सबंध वाट पदर कपाळावर ओढून खिडकीबाहेर बघत होत्या.

आबांनी अक्कांना लाकडी डब्याशेजारी स्टुलावर बसवलं. नानांनी गिटार मांडीवर घेतली आणि पिंपळनेरकडचं हळदीचं गाणं सुरू केलं. अक्कांनी मान हलवली, नाही. आबांनी बटण फिरवलं. नाही. आणखी फिरवलं. दाराशी दोन माणसं थबकली, मग पाच, मग भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. आवाज रस्ताभर झाला. नानांचे कान लालबुंद झाले होते, कपाळावरून घाम निथळत होता. दाराकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते नुसतं अक्कांच्या तोंडाकडे बघत होते.

आबांनी बटण शेवटापर्यंत नेलं. अक्कांचे ओठ हलू लागले. पदर मागे पडला, तो त्यांनी सावरला नाही. अक्का गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. कडव्याच्या अखेरीला त्यांनी नानांच्या मनगटावर चापट मारली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आजूनबी तठेच चुकतस तुम्ही!"

दारातली माणसं खो खो हसली. नानाही हसले. मग उपरण्यानं त्यांनी डोळे पुसले, लोखंडी कांडी पुसली, आणि अक्का बोटानं ठेका दाखवत होत्या तसं ते गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.