आधी आप्पा, मग मैना

आमचे शेजारी सोपानआप्पा घोडीचा खुराक खातात. घोडीला तर घालतातच, पण आधी स्वतः खातात. मी कारेगावात नवीन राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कुंपणावरून हे पाहिलं. आप्पांनी पोत्यातून मूठ काढली, तोंडात कोंबली आणि डोळे मिटून चघळत राहिले. मी बिस्किटाच्या पुड्यावरचीसुद्धा बारीक अक्षरं वाचणारी बाई.

आप्पांनी मूठ माझ्याही पुढे केली. "घ्या ताई, गोड हाय. उसाची मळी घातल्याली हाय."

मैना ही त्यांची म्हातारी घोडी. एके काळी बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळायची. आता ती कुठेच पळत नाही, पण तिच्या खुराकाच्या चौकशा अशा, की आप्पा दिसले की शिरूरचा दुकानदार आतल्या खोलीत जातो. प्रोटीन किती, मीठ किती, वरून काय मिसळलंय! एकदा त्याने जास्त प्रोटीनचं भारी पोतं दिलं, तर आप्पांनी ते परत केलं. म्हातारीला आता कुठं शर्यतीच्या घाटात पळायचंय, म्हणाले.

या चौकशांचं आणि चाखण्याचं कारण म्हणून ते राहू गावची गोष्ट सांगतात. तिथे त्यांच्या साडूची घोडी बैलांची गोळी पेंड खाऊन मेली. त्या पेंडीत एक औषध मिसळलेलं असतं. बैलांना ते चालतं, घोड्याचं मात्र हृदय बंद पडतं. ऐकून मी हादरले. एकाच गोठ्यात, एकाच घमेल्यात एकाला अन्न आणि दुसऱ्याला विष! पण ते औषध जिभेला कळतं थोडंच? मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आले आणि आप्पांना ठणकावून सांगितलं. "व्हय, म्हाईत हाय," म्हणाले आणि चघळत राहिले. अशा माणसाशी काय डोकं लावायचं!

परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते शिरूरला गेले आणि मैनेला माझ्यावर सोपवून गेले. तिने घमेल्याला तोंडच लावलं नाही. संध्याकाळी नाही, सकाळीही नाही. डॉक्टर बघून गेले. आजार काही नव्हता, पण या वयात उपास सोसायचा नाही, म्हणाले. घाबरून मी आप्पांना फोन केला.

"ताई, तिच्यासमोर बसून आधी तुम्ही खावा."

मी उडालेच. पण मैना खरंच घमेल्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. देवाचं नाव घेतलं आणि चिमूटभर तोंडात टाकलं. मैनेने लगेच मान खाली घातली आणि घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मला रडू आलं. तोंडात कोंडा असताना रडणं फार अवघड असतं.

आप्पा परतल्यावर मी भांडायलाच गेले. कसली ही सवय लावलीत तिला?

काळा चष्मा सावरत आप्पा म्हणाले, "मी न्हाई लावली, तिनंच मला लावली. तुमच्या काकू गेल्या तवा मला घास गिळंना. मी उपाशी, तर हीबी उपाशी. मंग म्हणलं, हिच्याच घमेल्यातलं खावं."

मी भांडण तिथेच सोडलं. घरी जाऊन दोन ताटं वाढली आणि मैनेच्या दारात घेऊन आले. आप्पांनी भाकरी उलटीपालटी करून बघितली, कालवण हुंगलं आणि त्यात काय काय घातलंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास मोडला, पण तो हातातच धरून माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी आधी खाल्लं. मग आप्पांनी खाल्लं.